एका घराला एक बॅग

माझी नोकरी म्हणजे लोकांना घाबरवायचं काम. एका सरकारी कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. वर्षातून दोनदा भोंगा वाजवायचा, शेडमधली सगळी माणसं मैदानात काढायची, डोकी मोजायची, आणि जो चहाचा कप हातात घेऊन डुलत डुलत येईल त्याला चारचौघांत झापायचं. "तुझा चहा संपेपर्यंत आग थांबणार आहे काय रे?" हे माझं ठरलेलं वाक्य. माझ्या पाठीमागं मला 'भोंगा' म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. थोरला भाऊ तिकडंच राहिला. मी बेंगळुरात आलो आणि शेवटी बेळ्ळंदूरच्या बाजूला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. दीडशे घरांची सोसायटी, जाहिरातीत तळ्याकाठची. तळ्याकाठची म्हणजे तळ्याच्या पाण्याच्या वाटेतली, हे घर घेताना कुणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी आम्ही घेतलंच असतं. एका पावसाळ्यात तळघरातल्या गाड्या बुडाल्या, तेव्हा सोसायटीनं आपत्ती समिती काढली. तिचा प्रमुख कोण? दुसरं कोण असणार! कारखान्यात जेवढी हौस भागायची राहिली होती तेवढी मी इथं भागवून घेतली.

त्याच हिवाळ्यात मी आमच्या घरची आणीबाणीची बॅग भरली. पाठीवर घ्यायची, नारिंगी रंगाची, अंधारात दिसेल अशी. माणसं तीन: मी, बायको, मुलगी. म्हणून तीन रेनकोट, तीन शिट्ट्या, तीन चमचे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, बायकोच्या थायरॉइडच्या तेवढ्याच, मुलीचा जुना चष्मा. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, बॅटरी, दोरी, फुटाणे, चिक्की, पाणी. सगळ्याची यादी करून तिला लॅमिनेशन केलं आणि बॅगेच्या आत चिकटवली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, एवढ्या तयारीनं तर आपलं लग्नसुद्धा झालं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणूनच तर," मी म्हणालो, आणि तिनं हातातला टॉवेल मला मारला.

आई तेव्हा थोरल्याकडं होती. वडील गेल्यावर आम्ही दोघा भावांनी वर्ष वाटून घेतलं होतं. आई वाटून घेतली असं म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून वर्ष म्हणायचं. गुढीपाडव्याला ती माझ्याकडं यायची. गणपती बुडले की पितृपक्षाच्या आत थोरल्याकडं जायची, कारण वडिलांचं श्राद्ध तिकडं असतं, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत तिकडंच. भांडण नाही, तंटा नाही. नातेवाईक आमचं उदाहरण द्यायचे. आई एकटी रेल्वेनं यायची-जायची. इकडून मी गाडीत बसवायचो, तिकडं थोरला उतरवून घ्यायचा. नऊ वर्षं असं चाललं.

तिची एक निळी बॅग होती, रेक्झिनची. नऊ वर्षं ती माझ्या घरी त्या बॅगेतून राहिली. बॅग दिवाणाखाली. सकाळी ओढायची, लुगडं काढायचं, बॅग परत आत. पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो, आई, तुला कपाटातला एक कप्पा रिकामा करून देतो. त्या कप्प्यात आमची जास्तीची पांघरुणं होती, मुलीचे बक्षिसाचे कप होते. ते कुठं ठेवायचे, हा प्रश्न सुटेना. "असू दे की," आई म्हणाली, "सहा महिन्यांनी परत भरायचंच आहे ना?" हे ऐकून मला केवढं बरं वाटलं. नऊ वर्षांत परत विषय निघाला नाही.

तिला काचबिंदू होता. डाव्या डोळ्यातून फक्त उजेड-अंधार कळायचा. उजवा चांगला होता आणि तो डोळ्यात घालायच्या औषधावर टिकून होता. दोन छोट्या बाटल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. ती आपल्या हातानं, दिवाणावर उताणं पडून घालायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही. "तुमचा नेम चुकतो," म्हणायची. त्या बाटल्या एका साबणाच्या डबीत, आणि ती डबी निळ्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. म्हणून तर हे सगळं लिहिताना पेन अडतंय.

दर सहा महिन्यांनी बॅग तपासायची, हा माझाच नियम. आषाढात मी आमची नारिंगी बॅग काढली. जुनी चिक्की बदलली, बॅटरीतले सेल बदलले, गोळ्यांवरच्या तारखा बघितल्या. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. बायको म्हणाली, "आईंचं काय घालताय ह्यात?"

"आईचं कशाला? आईची बॅग कायम भरलेलीच असते की," मी म्हणालो. "खरी आपत्ती समिती आई आहे. आपण सगळे तिच्याकडून शिकायला पाहिजे." मी हसलो. आईही हसली. त्या वेळी समोरच्या घरातले तेलुगू गृहस्थ काहीतरी विचारायला आले होते, तर मी त्यांनाही हिंदीत हा विनोद ऐकवला. ते हसले नाहीत, कारण त्यांना आईची बॅग माहीत नव्हती. मुलीनं तेवढ्यात विचारलं, "बाबा, आज्जीला शिट्टी?" मी म्हणालो, "आज्जी काय कायम आहे का इथं?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. आई शेंगा सोलत राहिली.

गणपती बुडाले. आईचं रविवारचं तिकीट होतं. आणि त्याआधीच्या बुधवारी सकाळी खाली बघतो तो गेट दिसेना. वॉचमनची खुर्ची तरंगत तरंगत झोपाळ्याला जाऊन टेकली होती. तळघर भरलेलं, जनरेटर तळघरात, त्यामुळं लिफ्ट बंद, दिवे बंद. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं, आणि तिथं विषय संपला. चौथ्या मजल्यावर कोरडं राहून काय करणार? पाणी नाही तर माणूस किती दिवस काढणार? समितीनं ठरवलं, सगळ्यांनी बाहेर पडायचं. आनेकलकडून कुणाच्या तरी ओळखीनं दोन ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आले.

आता माझा दिवस उगवला होता. शिट्टी गळ्यात, पायात गमबूट, हातात यादी. ट्रॉलीत जागा थोडी, माणसं फार. मी जिन्यात उभा राहून ओरडत होतो, "एका घराला एक बॅग! फक्त एक!" कन्नडमध्ये, हिंदीत, इंग्रजीत. लोक तरी कसले! एकानं कवरात गुंडाळलेला टीव्ही आणला. एकीनं तुळस, कुंडीसकट. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दोन बॅगा आणल्या, त्यातली एक त्यांच्या सासऱ्यांची. मी ती परत पाठवली. त्या भांडल्या. त्यांना मी म्हणालो, "मॅडम, नियम म्हणजे नियम. माझ्या घरची पण एकच बॅग आहे, बघा." आणि पाठीवरची नारिंगी बॅग वळून दाखवली. त्यांनी सासऱ्यांच्या बॅगेतून औषधाची पिशवी काढून आपल्या पर्समध्ये कोंबली आणि बॅग जिन्यात ठेवून दिली. त्यांना सुचलं. सत्तावीस वर्षं डोकी मोजणाऱ्याला नाही सुचलं.

दुसऱ्या खेपेला माझ्या घरची मंडळी खाली आली. पुढं मुलगी, मागं बायको आईचा हात धरून, आणि आईच्या दुसऱ्या हातात ती निळी बॅग. चार मजले उतरून तिला दम लागला होता. पहिल्या मजल्यावरच्या बाई ट्रॉलीत बसल्या होत्या. त्यांनी बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सर, तुमच्या घराला दोन चालतात वाटतं?"

झालं. माझं टाळकं सटकलं. बाईंवर नाही, आईवर.

"आई, ती बॅग ठेव तिथं."

"अरे, त्यात माझं..."

"आई! ह्यात सगळं आहे. सगळं!" मी पाठीवर थाप मारून म्हणालो. "सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला आणि तू पण तेच? लोक बघताहेत. ठेव."

तिनं ठेवली नाही. तिला वाटलं असेल, पोरगा एक मिनिटानं ऐकेल. मी पुढं होऊन तिची बोटं एकेक करून पट्ट्यावरून सोडवली. हे लिहायचं की नाही, यावर माझे दोन दिवस गेले. सोडवली. मग बॅग घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत धावत गेलो आणि इतरांच्या सामानात ठेवून आलो. सासऱ्यांच्या बॅगेला लागूनच. खाली आलो तेव्हा ट्रॅक्टरवाला "स्वल्प बेग, सर, बेग!" करून घाई करत होता. आई ट्रॉलीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ठीक आहे असं. आणि माझी छाती फुगली हो! स्वतःच्या आईलाही नियम लावला, असं सगळ्यांना दिसलं होतं.

आम्ही मल्लेश्वरमला बायकोच्या थोरल्या बहिणीकडं गेलो. माणसं चांगली, घर मोठं, आमचं स्वागत जावयासारखंच झालं. पण आईच्या दृष्टीनं ते सुनेचं माहेर. तिच्या पिढीच्या बायका सुनेच्या माहेरी पाणीसुद्धा मागून पीत नाहीत. दिलं तर घेतात. "मला काही लागत नाही," हे वाक्य तिनं त्या घरात शिरताशिरता म्हटलं आणि चार दिवस धरून ठेवलं. बायकोच्या बहिणीनं तिला नेसायला आपलं लुगडं दिलं, तर ते नेसतानाही ती संकोचून गेली होती.

आणि मी काय करत होतो? मी फोनवर होतो. सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्याच संध्याकाळी मी निरोप टाकला: 'ज्येष्ठ नागरिकांची औषधं घाईत राहिली असतील तर ताबडतोब कळवा, सोय केली जाईल.' खाली तीन नमस्कार. आई त्या ग्रुपवर नव्हती, कसली असणार? ती माझ्या पाठीमागच्या खोलीत होती. दुसऱ्या दिवशी सी ब्लॉकमधल्या एका आजोबांचं इन्सुलिन मी व्हाइटफील्डला नेऊन दिलं. भर ट्रॅफिकमध्ये, बर्फाच्या डब्यातून. जायला अडीच तास, यायला तीन. त्यांच्या मुलीनं ग्रुपवर लिहिलं, 'सर, तुम्ही देवमाणूस आहात.' मी ते बायकोला वाचून दाखवलं. आईलाही दाखवलं. आई म्हणाली, "चांगलं केलंस. म्हाताऱ्या माणसाचं औषध चुकवू नये."

असं म्हणाली. ह्याच शब्दांत. मी त्यातही कौतुकच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. बायकोच्या बहिणीनं बाम दिला. "जागा बदलली की होतं," सगळे म्हणाले. चौथ्या दिवशी दुपारी ती न्हाणीघराकडं जाताना अर्ध्या उघड्या दारावर जाऊन धडकली. कपाळाला टेंगूळ आलं. दार तिच्या उजव्या हाताला होतं, चांगल्या डोळ्याच्या बाजूला. आम्ही सगळे धावलो. माझी मुलगी तिच्यासमोर बसली, तिच्या तोंडाकडं नीट बघून म्हणाली, "आज्जी, तू डोळ्यात औषध घातलंस?"

"ते बॅगेत राहिलं गं."

"म्हणजे चार दिवस नाही घातलंस?"

"बाबा म्हणाला ना, सगळं आहे ह्यात. मला वाटलं त्यानं घेतलं असेल. पहिल्या दिवशी विचारणार होते, पण तो फोनवर होता. दुसऱ्या दिवशी लोकांची औषधं द्यायला गेला होता." ती सगळ्यांकडं बघून ओशाळल्यासारखी हसली. "माझ्या एकटीसाठी कशाला धावाधाव? उद्या-परवा घरी जायचंच होतं."

माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. "दीडशे घरांची चौकशी केलीत," ती म्हणाली. एवढंच. त्या दिवसानंतर ती ह्या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती, कडकडून भांडली असती, तर मी काहीतरी उलट बोलून मोकळा तरी झालो असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा डोळ्यातला दाब भलताच चढला होता. त्यांनी औषधं घालून तो उतरवला. पण उजव्या डोळ्याची नजर चहूबाजूंनी आत आली होती. आता तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं: समोरचा माणूस दिसतो, शेजारचा नाही. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, हे त्या चार दिवसांमुळं झालं का? त्यांनी माझ्याकडं बघितलं. असे प्रश्न विचारणारे त्यांनी बरेच बघितले असणार. ते म्हणाले, जुना काचबिंदू आहे, नजर हळूहळू जातच होती. त्या चार दिवसांमुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही. मी विचारलं, झालं नाही असं म्हणू शकता? ते म्हणाले, "नाही."

ह्या दोन 'नाहीं'च्या मध्ये मी तेव्हापासून उभा आहे. कधी पहिल्याला टेकतो. रात्री झोप लागावी म्हणून टेकावंच लागतं. पण सकाळी आई चहाच्या कपासाठी टेबलावर हात फिरवताना दिसली की दुसरा समोर येतो.

पाणी उतरल्यावर घरी गेलो तेव्हा निळी बॅग पहिल्या मजल्यावर जशीच्या तशी होती. कोरडी ठणठणीत. पाणी तिथपर्यंत आलंच नव्हतं. मला वाटत होतं ती भिजलेली, कुजलेली, वाहून गेलेली असावी. मग निदान नशिबाला बोल लावता आला असता.

आईचं रविवारचं तिकीट रद्द झालं. ती आता एकटी प्रवास करू शकणार नव्हती. पितृपक्ष लागायच्या दोन दिवस आधी थोरला स्वतः न्यायला आला. माझा थोरला भाऊ शाळामास्तर, रिटायर झालाय, पण आवाज अजून वर्गातला. येऊन बसला, पाणी प्याला आणि आईच्या तोंडासमोर त्यानं हात हलवून बघितला. मग त्यानं मला विचारलं, "हे झालं कसं?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. मी तोंड उघडलं. शपथ सांगतो, उघडलं होतं.

"माझंच चुकलं," आई म्हणाली. "घाईत बाटली घरात विसरले. आणि ह्यांना सांगितलं पण नाही."

थोरला तिच्यावर उखडला. "तुला किती वेळा सांगितलंय आई, औषध कमरेच्या पिशवीत ठेवायचं म्हणून! एवढं साधं कळत नाही? स्वतःच्या डोळ्याचं तरी भान नको का माणसाला?" मास्तर सुरू झाला की थांबत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. ऐंशी वर्षांची बाई, आणि शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखी ऐकत होती. बायको आत निघून गेली. मुलगी माझ्याकडं बघत होती. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे दादा, म्हातारं माणूस आहे, होतं."

होतं! काय निर्लज्जपणा हा. मी चोर, आणि चोरी जिच्याकडं झाली तिलाच मी मोठ्या मनानं माफ करत होतो.

नोव्हेंबरात सोसायटीनं कन्नड राज्योत्सवाच्या दिवशी माझा सत्कार केला. डोक्यावर मैसूर पेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. पहिल्या मजल्यावरच्या त्याच बाईंनी भाषण केलं. त्यांनी सांगितलं, सरांनी त्या दिवशी स्वतःच्या आईची बॅगसुद्धा ठेवायला लावली, असा शिस्तीचा माणूस आम्ही बघितला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी काय बोललो ते आठवत नाही. पेटा ढिला होता आणि तो पडू नये म्हणून मी मान ताठ ठेवून उभा होतो, एवढं आठवतं. मुलगी आलीच नव्हती. परीक्षा आहे म्हणाली होती, पण परीक्षा संपून आठवडा झाला होता.

घरी आलो आणि कपाटातला तो कप्पा रिकामा केला. पांघरुणं काढली, कप काढले. आता हे म्हणजे वरातीमागून घोडं, ते मलाही कळत होतं. पुसून, कागद अंथरून ठेवला. नारिंगी बॅगेतली ती लॅमिनेशन केलेली यादी उपटायला गेलो, तर तिचा गोंद एवढा चांगला लावलेला की कापडही सोबत फाटलं.

तो हिवाळा मी मनाशी ठरवत काढला: पाडव्याला आईला आणायला जायचं आणि दादाला सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून. गाडीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. थोरला आणि वहिनी आतल्या खोलीत जरा आडवी झाली होती. आई मागच्या पडवीत उन्हाकडं पाठ करून बसली होती. मी तिच्या समोर, नळीत मावेन असा, बसलो.

"आई, मी दादाला सांगणार आहे."

"काय?"

"तू बाटली विसरली नव्हतीस ते. मी तुझ्या हातातून बॅग काढून घेतली ते."

मला वाटलं, ती रडेल. मला वाटलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होतो.

"आणि सांगून काय करणार?" तिनं विचारलं.

"तुझ्यावरचा आळ जाईल. तो तुला अजून बोलतो ना, विसरतेस म्हणून? वहिनी पण बोलते. मी ऐकलंय."

"बोलतात तर बोलू देत."

"आणि मला... मला जरा बरं वाटेल, आई."

"तुला बरं वाटेल, होय की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगतात तसं ती सांगत होती. "पण मग तो मला तुझ्याकडं धाडायचा नाही. पहिलं मी एकटी यायची. तिकीट काढलं की झालं, कुणाला विचारायला नको. आता मला कुणीतरी न्यायला-आणायला पाहिजे. तो नको म्हणाला की संपलं. तुझा भाऊ कसा आहे ते मला माहीत आहे, तो एकदा धरला की सोडत नाही. मग तुझं घर मला कुठलं? नातीला मी कधी बघायची? जेवढं दिसतंय तेवढ्यात बघायला पाहिजे ना तिला. म्हणून मी त्या दिवशी तुझ्या आधी बोलले. तू तोंड उघडलं होतंस, मला दिसलं होतं. समोरचं दिसतं मला."

मी तिचे हात धरले. लाज वाटत होती, भयंकर लाज. आणि त्या लाजेच्या तळाशी, कसं सांगू, सुटल्याचा आनंदही होता. आता सांगायला नको. आईनंच नको म्हटलंय. एवढा पापी आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

आतून चपलांचा आवाज आला. थोरला डोळे चोळत पडवीत येऊन उभा राहिला. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात, आईला ऐकू येणार नाही अशा समजुतीनं म्हणाला, "ह्या वेळी तिच्या औषधावर तू स्वतः लक्ष ठेव बाबा. तिच्यावर सोडू नकोस. ती विसरते हल्ली."

आई माझ्याकडं बघत होती.

"होय दादा," मी म्हणालो, "ठेवतो."